पाच शतांश आणि सहा ऑलिंपिक

२२ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या रिंग्जची अंतिम फेरी झाली. निकालाच्या फलकावर वरची तीन नावं अशी होती : ग्रीसचा दिमोस्थेनिस ताम्पाकोस ९.८६२, बल्गेरियाचा योर्दान योवचेव ९.८५०, इटलीचा युरी केकी ९.८१२. तीन दशांश स्थळांपर्यंतचे हे आकडे पाहिले की एखाद्या काटेकोर यंत्रानं मोजमाप केलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात तिथं यंत्र नव्हतं. टेबलांमागे बसलेली माणसं होती, त्यांचे डोळे होते आणि त्यांनी लिहिलेल्या आकड्यांची साधी सरासरी होती.

तेव्हाची पद्धत अशी. सहा पंच खेळाडूच्या सादरीकरणाला गुण द्यायचे. त्यातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाजूला काढायचे आणि उरलेल्या चौघांची सरासरी लावायची. हा हिशोब उलटा मांडून पाहिला, तर ताम्पाकोसच्या चार पंचांच्या गुणांची बेरीज येते ३९.४५ आणि योवचेवच्या चौघांची ३९.४०. सुवर्ण आणि रौप्य यांच्यामध्ये एवढंच अंतर होतं : चारांपैकी एका पंचाच्या कागदावरचे पाच शतांश.

योवचेवच्या बाबतीत हे त्या दिवशी दुसऱ्यांदा घडत होतं. त्याच दिवशी फ्लोअर एक्सरसाइजची अंतिम फेरीही झाली होती. तिथं कॅनडाचा काइल शूफेल्ट आणि रुमानियाचा मारियान ड्रॅगुलेस्कू या दोघांना ९.७८७ गुण पडले आणि बरोबरी फोडण्याच्या नियमानुसार शूफेल्टला सुवर्ण मिळालं. तिसरा आला योवचेव, ९.७७५. इथंही बेरजेतला फरक पाच शतांशांचाच. एका दिवसात दोन पदकं मिळवणारा हा खेळाडू दोन्ही वेळा पहिल्या स्थानापासून एका पंचाच्या एका नोंदीइतका लांब राहिला.

रिंग्जचा निकाल अनेकांना पटला नाही. सुवर्ण यजमान देशाच्या खेळाडूला गेलं होतं, त्यामुळे कुजबुज होणारच होती. पण सर्वांत ठळक आक्षेप आला तो कांस्यपदक मिळवणाऱ्या केकीकडून. १९९३ ते १९९७ अशी सलग पाच जागतिक विजेतेपदं आणि १९९६ चं ऑलिंपिक सुवर्ण नावावर असलेला हा इटालियन रिंग्जमधला जाणकार मानला जाई. खरा विजेता कोण, हे त्यानं योवचेवकडे हात करून सर्वांसमक्ष दाखवून दिलं. प्रतिस्पर्ध्यानं दिलेला हा निवाडा अधिकृत कागदपत्रांत कुठंच नोंदला जात नाही. जिम्नॅस्टिक्सच्या जगात मात्र तो आजही सांगितला जातो.

याच शहरात १०८ वर्षांपूर्वीही असाच प्रसंग आला होता, हा इतिहासाचा खोडकरपणा. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये रिंग्जसाठी पंचांची मतं ग्रीसचा इओआनिस मित्रोपुलोस आणि जर्मनीचा हेरमान वाइनगेर्टनर यांच्यात समसमान विभागली गेली. निर्णायक मत दिलं ग्रीसचे राजपुत्र जॉर्ज यांनी, आणि पहिलं स्थान ग्रीसला गेलं. ज्या खेळात सेकंद आणि सेंटिमीटर मोजून निकाल लागत नाही, त्याची ही जन्मजात अडचण आहे.

योवचेवला ऑलिंपिक सुवर्ण कधीच मिळालं नाही. तरीही जिम्नॅस्टिक्सच्या इतिहासात त्याचं नाव अनेक सुवर्णविजेत्यांच्या आधी घेतलं जातं, कारण १९९२ ते २०१२ या काळात तो सलग सहा ऑलिंपिक खेळला. त्याच्यापूर्वी कुठल्याही पुरुष जिम्नॅस्टला हे जमलं नव्हतं. हे कसं घडलं हे पाहताना एका खेळाडूबरोबरच एका देशाचीही गोष्ट समोर येते.

पदकांचा कारखाना

योर्दान योवचेवचा जन्म २४ फेब्रुवारी १९७३ चा, प्लॉवदिवचा. मारित्सा नदीकाठचं, टेकड्यांवर वसलेलं, रोमन काळातल्या रंगमंडलाचे अवशेष अंगाखांद्यावर बाळगणारं हे बल्गेरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. तो जन्मला तेव्हा देशावर कम्युनिस्ट पक्षाची सत्ता होती, आणि पूर्व युरोपातल्या इतर साम्यवादी देशांप्रमाणे बल्गेरियातही खेळ हा सरकारी कारभाराचा भाग होता. लहान वयात मुलं निवडायची, त्यांना क्रीडाशाळेत घालायचं, प्रशिक्षकाचा पगार, जेवणखाण, प्रवास, औषधपाणी सगळं सरकारनं पाहायचं आणि बदल्यात पदकं अपेक्षायची, अशी ती घडी होती.

ही घडी निर्दयही होती आणि परिणामकारकही. नव्वद लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या देशानं १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १० सुवर्णांसह ३५ पदकं जिंकली. वेटलिफ्टिंग आणि कुस्ती ही त्यांची हुकमी मैदानं. रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये, म्हणजे रिबन, चेंडू, कडी घेऊन मुली जो प्रकार करतात त्यात, बल्गेरियाचा दबदबा सोव्हिएत संघाच्या बरोबरीचा होता.

आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये, म्हणजे साधनांवरच्या जिम्नॅस्टिक्समध्ये, बल्गेरिया तितका बलाढ्य नव्हता, पण नगण्यही नव्हता. १९७४ ची जागतिक स्पर्धा काळ्या समुद्राकाठच्या वार्ना शहरात भरली होती. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये स्टोयान डेल्चेवनं हॉरिझॉन्टल बारवर सुवर्ण जिंकलं. बारवरचा हात सोडून हवेत फिरायचं आणि पुन्हा बार पकडायचा, अशा एका कसरतीला आजही त्याचं नाव आहे. १९८३ मध्ये बुडापेस्टला बोरियाना स्टोयानोव्हा व्हॉल्टवर जागतिक विजेती झाली. पुढच्याच वर्षीच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर बल्गेरियानं सोव्हिएत संघापाठोपाठ बहिष्कार टाकला आणि तिच्या पिढीची एक संधी राजकारणात गेली. १९८८ मध्ये ल्युबोमिर गेरास्कोवनं पॉमेल हॉर्सवर दोघांच्या बरोबरीनं सुवर्ण मिळवलं, तर डायना दुदेवानं फ्लोअरवर कांस्य.

गेरास्कोवच्या गळ्यात ते पदक पडलं तेव्हा योवचेव पंधरा वर्षांचा होता. त्याच्या पुढची वाट आखलेली दिसत होती. पण पुढच्याच वर्षी, १० नोव्हेंबर १९८९ रोजी, पस्तीस वर्षं सत्तेवर असलेले तोदोर झिवकोव पायउतार झाले आणि ती वाट आखणारी व्यवस्थाच कोसळू लागली.

तिचे तुकडे एका दिवसात झाले नाहीत. प्रशिक्षक होते, सभागृहं होती, तयार झालेली मुलं होती. त्या शिदोरीवर काही वर्षं निघाली. १९९२ च्या बार्सिलोनात बल्गेरियाची पदकं १६ वर आली. एकोणीस वर्षांचा योवचेव तिथं पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला. १९९६ च्या अटलांटात बल्गेरियाचा पुरुषांचा पूर्ण संघ खेळला आणि क्रासिमिर दुनेवनं हॉरिझॉन्टल बारवर रौप्य मिळवलं. त्यानंतर मात्र देशाच्या अर्थव्यवस्थेचाच कणा मोडला. १९९६-९७ च्या हिवाळ्यात बँका बुडाल्या, लोक रस्त्यावर उतरले, आणि १९९७ च्या फेब्रुवारीत एका महिन्यात भाव तिपटीहून वर गेले. जिथं पगार महिनाअखेरीपर्यंत पुरत नव्हता, तिथं रिंग्जची दोरी बदलायला पैसे कोण देणार? प्रशिक्षक परदेशी निघाले, खेळाडूही निघाले. योवचेवनंही अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनला मुक्काम हलवला आणि तिथं सराव सुरू ठेवला. स्पर्धेत मात्र तो बल्गेरियाच्याच नावानं उतरत राहिला.

दोन सेकंद

योवचेवची हुकमत होती ती रिंग्जवर, तेव्हा हा प्रकार नेमका काय आहे ते पाहू.

उंच लोखंडी चौकटीतून दोन तारा लोंबतात, त्यांच्या टोकाला पट्टे आणि पट्ट्यांना लाकडी कड्या. कडीचा आतला व्यास १८ सेंटिमीटर, दोन कड्यांमध्ये अंतर ५० सेंटिमीटर, आणि कड्या जमिनीपासून २.८ मीटर उंचीवर. खेळाडू इतका वर स्वतः उडी मारून पोचत नाही. प्रशिक्षक त्याला कमरेला धरून उचलतो आणि बाजूला होतो. मल्लखांब करणाऱ्याला आपला खांब कुठं आहे हे ठाऊक असतं, कारण पुरलेला खांब जागचा हलत नाही. रिंग्जमध्ये ज्याच्या आधारानं तोल सांभाळायचा तो आधारच चारी दिशांना मोकळा असतो. तो स्थिर ठेवण्याचं कामही खेळाडूच्याच खांद्यांवर येतं.

या कड्यांवर दोन तऱ्हेची कामं करायची असतात. एक झोक्याचं : शरीर झुलवून वर हॅन्डस्टँडमध्ये नेणं, गिरक्या घेणं, शेवटी हवेत कोलांट्या घेत खाली उतरणं. दुसरं ताकदीचं. ताकदीच्या कामातला सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे क्रॉस : शरीर सरळ उभं, दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरलेले. तोच उलटा केला, डोकं खाली आणि पाय वर, की इन्व्हर्टेड क्रॉस. आणि शरीर जमिनीला समांतर, तोंड खाली, हात कमरेच्या बाजूंना पसरलेले, सगळं अंग कड्यांच्या उंचीवर तरंगतंय असं दिसलं की तो माल्टीज. पहिल्यांदा पाहणाऱ्याला माल्टीज ही नजरबंदी वाटते.

यातली प्रत्येक स्थिती किमान दोन सेकंद स्थिर धरावी लागते. दोन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण शरीराच्या दृष्टीनं त्यात काय चाललेलं असतं ते पाहा. हात जितका आडवा पसरावा तितकं शरीराचं वजन खांद्याच्या सांध्याला लांबून खाली खेचतं. छातीचे, पाठीचे आणि दंडाचे स्नायू एकाच वेळी पूर्ण ताणावर जातात. कोपर सरळ ठेवलेलं असल्यामुळे दंडाचा बायसेप्स जिथं हाडाला जोडला जातो त्या कंडरेवर अतोनात जोर येतो. ती कंडरा तुटणं हे रिंग्जच्या खेळाडूंचं नेहमीचं भय. केकीची दंडाची कंडरा अशीच तुटली आणि त्याचं सिडनी ऑलिंपिक हुकलं.

पंच यात काय पाहतात? मुख्यतः कोन आणि काळ. हात आडव्या रेषेपासून पंधरा अंशांपर्यंत हलला तर लहान कपात, तीसपर्यंत गेला तर मोठी, पंचेचाळीसपर्यंत गेला तर आणखी मोठी आणि त्याहून पुढे गेला तर ती कसरत केलीच नाही असं धरलं जातं. दोन सेकंद भरले नाहीत तरी गुण कापतात. मनगट वाकलं, कोपर दुमडलं, तारा थरथरल्या, हॅन्डस्टँडमध्ये हात पट्ट्याला घासले, या सगळ्याची किंमत मोजावी लागते. हे सर्व पंचानं बसल्या जागेवरून उघड्या डोळ्यांनी टिपायचं असतं. पंधरा आणि सोळा अंशांतला फरक कोण छातीठोकपणे सांगू शकेल? अथेन्समधले पाच शतांश कुठून येतात ते इथं कळतं. कुणी लबाडी केली असं धरण्याची गरज नाही. दोन प्रामाणिक माणसांच्या नजरेतही एवढा फरक पडतोच.

वयाच्या दृष्टीनंही रिंग्ज वेगळी. फ्लोअरवर खेळाडू दर कोलांटीनंतर जमिनीवर आदळतो; घोटे, गुडघे, कंबर यांची त्यात झीज होते. रिंग्जवर असा आदळण्याचा क्षण एकच, शेवटचा. बाकी सगळा भार खांदे आणि दंड यांच्यावर, आणि तिथली ताकद वर्षानुवर्षं साचत जाते. त्यामुळे इतर साधनांवर पंचविशी-तिशीत थकणारा जिम्नॅस्ट रिंग्जवर तिशीनंतरही टिकू शकतो. पण शक्यता असणं वेगळं आणि चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत ती खरी करून दाखवणं वेगळं.

वाटून घेतलेलं सुवर्ण

योवचेव रिंग्जपुरता मर्यादित नव्हता. १९९९ मध्ये चीनमधल्या तिआनजिनच्या जागतिक स्पर्धेत त्यानं सहाही साधनांची बेरीज धरून दिलं जाणारं ऑलराउंड कांस्य मिळवलं होतं. सिडनीत २००० साली फ्लोअर आणि रिंग्ज दोन्हींत तो तिसरा आला. दंडांत रिंग्जची ताकद आणि पायांत फ्लोअरची उसळी हे एकाच शरीरात क्वचित जुळतं. रिंग्जसाठी कमावलेली जड छाती आणि जड खांदे फ्लोअरवर उडताना ओझं होतात. योवचेवनं दोन्ही सांभाळलं.

त्याचा बहराचा काळ पुढच्या तीन वर्षांचा. २००१ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात तो फ्लोअर आणि रिंग्ज दोन्हींत जागतिक विजेता झाला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या अनाहाइमला त्यानं हाच पराक्रम पुन्हा केला. चार जागतिक सुवर्णं. पण त्यांची यादी नीट पाहिली तर त्यातली तीन वाटून घेतलेली आहेत. २००१ चं फ्लोअरचं सुवर्ण ड्रॅगुलेस्कूबरोबर, २००३ चं अमेरिकेच्या पॉल हॅमबरोबर आणि २००३ चं रिंग्जचं ताम्पाकोसबरोबर. जागतिक स्पर्धेत गुण सारखे झाले की दोघांनाही सुवर्ण मिळे आणि विषय संपे. ऑलिंपिकमध्ये बरोबरी फोडण्याचा नियम होता.

या तीन नावांपैकी दोन वर्षभरानं अथेन्समध्ये त्याच्या पुढे उभी राहिली. ड्रॅगुलेस्कू फ्लोअरवर, ताम्पाकोस रिंग्जवर. म्हणजे अथेन्सला जे झालं ते आभाळातून पडलं नव्हतं. जगातले पहिले तीन-चार जण एकमेकांना इतके खेटून उभे होते की कोण कुठल्या पायरीवर उभा राहणार हे एखाद्या पंचाच्या नजरेवर ठरावं, ही त्या काळातली सर्वसाधारण स्थिती होती. योवचेवच्या वाट्याला जागतिक स्पर्धांत तिचा फायदा आला आणि ऑलिंपिकमध्ये तोटा.

याला गुणपद्धतीही जबाबदार होती. तेव्हा कमाल गुण दहा. कसरतींची काठिण्यपातळी अशी वाढली होती की अंतिम फेरीतला जवळपास प्रत्येक जण दहा किंवा दहाच्या अगदी जवळच्या आरंभ-गुणांपासून सुरुवात करायचा. अवघड कसरत आणि महाअवघड कसरत यांत फरक करायला दहाच्या वर जागाच नव्हती. मग सगळे ९.७ आणि ९.९ यांच्यामध्ये दाटीवाटीनं कोंबले जात.

अथेन्सनं ही पद्धत पुरती उघडी पाडली. ऑलराउंडमध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगचे आरंभ-गुण चुकून एक दशांश कमी धरले गेले आणि पॉल हॅमला मिळालेल्या सुवर्णावरून महिनोन्महिने वाद चालला. रिंग्जच्या दुसऱ्या दिवशी हॉरिझॉन्टल बारवर रशियाच्या अलेक्सेई नेमोवचे गुण लागताच प्रेक्षकांनी इतका गोंगाट केला की स्पर्धा खोळंबली. पंचांनी त्याचे गुण ९.७२५ वरून ९.७६२ केले, तरी आरडाओरडा थांबेना. शेवटी नेमोवनंच उभं राहून लोकांना शांत केलं. या साऱ्याचा परिणाम म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघानं २००६ पासून दहा गुणांची पद्धत मोडीत काढली. त्यानंतर काठिण्याचे गुण वेगळे आणि सादरीकरणाचे वेगळे मोजून त्यांची बेरीज होऊ लागली, आणि काठिण्याला वरची मर्यादा उरली नाही.

तिशीनंतरचा नवा अभ्यासक्रम

या बदलाचा न्याय योवचेवला मिळाला का? उलट तो त्याला महागात पडायला हवा होता. नवी पद्धत आली तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. जुन्या पद्धतीत घोटून घोटून निर्दोष केलेली कसरत पुरेशी असे. नव्या पद्धतीत प्रत्येक जादा अवघड स्थितीला जादा गुण होते. तरुण खेळाडूंनी कसरती अधिक भारी करायला घेतल्या. २००८ च्या बीजिंगमध्ये यजमानांचा चेन यीबिंग रिंग्जचा विजेता ठरला. योवचेव अंतिम फेरीत पोचला, पण पदकाविना परतला. पाच ऑलिंपिक झाली, वय पस्तीस. इथं निवृत्ती घेतली असती तरी कुणी बोट ठेवलं नसतं.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत, छत्तिसाव्या वर्षी त्यानं रिंग्जमध्ये रौप्य मिळवलं. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत अवघड पदक. २००१ ची सुवर्णं त्यानं ज्या खेळाच्या नियमांत मिळवली, तो खेळ आता राहिला नव्हता. नव्या नियमांची भाषा आत्मसात करून, कसरत पुन्हा बांधून, आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान मुलांच्या रांगेत उभं राहून त्यानं ते घेतलं.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. तो बल्गेरियाच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाचा अध्यक्ष झाला, आणि खेळणंही थांबवलं नाही. दिवसाचा एक भाग अनुदान, सभागृहं, ज्युनियर खेळाडूंचे प्रवास यांच्या कागदांत आणि दुसरा भाग हाताला खडूची पूड फासून कड्यांवर. महासंघाचा अध्यक्ष स्वतःच्या संघटनेकडून ऑलिंपिकला जातो, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण त्यातून एक रिकामी जागाही दिसते. अटलांटात बल्गेरियाचा अख्खा संघ होता. लंडनला पुरुषांमध्ये तो एकटा गेला.

२०१२ च्या उद्घाटन सोहळ्यात बल्गेरियाचा ध्वज योवचेवच्या हातात होता. एकोणचाळीस वर्षांचा हा खेळाडू पात्रता फेरीतून पुन्हा एकदा रिंग्जच्या अंतिम आठांत पोचला. ६ ऑगस्टच्या अंतिम फेरीत ब्राझीलच्या आर्थर झानेत्तीनं १५.९०० गुणांनी सुवर्ण घेतलं. ब्राझीलचं जिम्नॅस्टिक्समधलं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. बार्सिलोनात योवचेव पहिल्यांदा उतरला तेव्हा झानेत्ती दोन वर्षांचा होता. योवचेव सातवा आला आणि त्यानंतर त्यानं स्पर्धेतून निवृत्ती घेतली.

सहाचा अर्थ

जिम्नॅस्टिक्समध्ये त्याच्याहून जास्त ऑलिंपिक खेळलेली एक व्यक्ती आहे, आणि ती स्त्री आहे. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिनाही योवचेवप्रमाणे १९९२ च्या बार्सिलोनातच पहिल्यांदा उतरली होती आणि टोकियोपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, आठ ऑलिंपिक खेळली. भारतीय प्रेक्षकांना ती २०१६ च्या रिओतल्या व्हॉल्टच्या अंतिम फेरीतून आठवत असेल. त्या फेरीत दीपा कर्माकर चौथी आली आणि कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकलं. दीपानं घेतलेला धोकादायक प्रोदुनोवा व्हॉल्ट त्या दिवशी चुसोवितिनानंही घेतला होता, एकेचाळिसाव्या वर्षी.

योवचेव आणि चुसोवितिना या दोघांच्या गोष्टीत एक साम्य आहे. दोघंही साम्यवादी राजवटींच्या क्रीडाव्यवस्थेत घडले आणि ती व्यवस्था कोसळल्यानंतर त्यांची ऑलिंपिक कारकीर्द सुरू झाली. त्या व्यवस्थेत तिशीतल्या जिम्नॅस्टला टिकणं अवघड गेलं असतं. मागून येणारी मुलांची फळी इतकी दाट असे की थोडा थकलेला खेळाडू लगेच बाजूला सारला जाई. डेल्चेव आणि गेरास्कोव एकेका सुवर्णाचे धनी झाले. सहा ऑलिंपिक खेळण्याची मुभा त्यांच्या काळात कुणाला नव्हती आणि त्याची गरजही नव्हती. योवचेवच्या काळात मागची फळीच नाहीशी झाली. त्याला बाजूला सारायला कुणी आलं नाही.

याचा अर्थ त्याचं यश आयतं होतं असा नाही. ऑलिंपिकची पात्रता देशात स्पर्धक नाहीत म्हणून मिळत नाही; ती जगाशी झुंजून कमवावी लागते, आणि रिंग्जच्या अंतिम आठांत पोचणं त्याहून कठीण. सरकारी पैसा नाही, संघ नाही, अशा स्थितीत वीस वर्षं खांदे शाबूत ठेवणं आणि नियम उलटेपालटे झाल्यावर कसरत नव्यानं शिकणं हे सर्वस्वी त्याचं. पण सहा या आकड्याकडे फक्त विक्रम म्हणून पाहिलं तर अर्धीच गोष्ट कळते. सोलमध्ये १० सुवर्णं जिंकणाऱ्या बल्गेरियाला लंडनमध्ये एकही सुवर्ण मिळालं नाही, आणि त्या संघाचा ध्वज एकोणचाळीस वर्षांच्या खेळाडूच्या हातात होता, या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

खेळाडूंचं मूल्यमापन आपण पदकांच्या रंगावरून करतो. योवचेवच्या चार ऑलिंपिक पदकांमध्ये एक रौप्य, तीन कांस्य. रंगाच्या हिशोबात तो मागे पडतो. पण तो रंग ज्या आकड्यांवर ठरला ते किती नाजूक होते, हे आपण पाहिलं. पंचांच्या एका नोंदीनं तो ऑलिंपिक विजेता झाला असता आणि त्याच्या अंगातली ताकद, त्याचा माल्टीज, त्याचे दोन सेकंद यांत तसूभरही फरक पडला नसता. दर चार वर्षांनी पुन्हा पात्र ठरणं मात्र कुणा एका पंचाच्या नोंदीवर अवलंबून नव्हतं. सहा वेळा तसं होणं हा योगायोग नसतो. म्हणून त्याची कारकीर्द सांगताना आधी ही सहा वर्षं सांगावीत, १९९२, १९९६, २०००, २००४, २००८, २०१२, आणि पदकांची यादी मग.